इंग्रजीत ‘खूप’ कुठे अडकतं? व्हेरी, टू आणि सो यांची नेहमीची गडबड आणि तिचा इलाज

‘नागपूर इज व्हेरी मच हॉट.’ ‘माय न्यू ऑफिस इज टू गुड.’ ‘पुणे इज व्हेरी कूलर दॅन नागपूर.’ ‘द ऑरेंज टेस्ट्स स्वीटली.’

नागपुरातलं धरमपेठ असो, सदर असो की महाल, संध्याकाळच्या कुठल्याही स्पोकन इंग्लिशच्या वर्गात बसा, ही वाक्यं कानावर पडतातच. बोलणाऱ्याचा पाया कच्चा नसतो. काळ बरोबर, क्रियापद बरोबर, शब्दही भरपूर पाठ. गाडी अडते ती विशेषणाला टेकून बसलेल्या एका लहानशा शब्दापाशी. सरांनी टोकलं की त्या दिवसापुरतं सुधारतं आणि पुढच्या सोमवारी तेच वाक्य पुन्हा हजर. नियम पाठ करूनही ही चूक परत परत का येते, हे आधी बघू. कारण सापडलं की निम्मं काम झालं.

मूळ कुठे आहे

मूळ आपल्या ‘खूप’मध्ये आहे. खूप गोड संत्री. खूप लोक. खूप चाललो. त्याच्यापेक्षा खूप उंच. मला खूप आवडलं. जागा पाच, शब्द एकच. वऱ्हाडीत बोलायचं तर ‘लय’ घ्या, तरी तेच: लय गोड, लय लोक, लय चाललो. मराठीत हा शब्द कुठेही बसतो आणि कुठेही शोभतो, त्यामुळे त्याच्या पुढे काय येतंय याकडे बघायची आपल्याला कधी गरजच पडत नाही.

इंग्रजीत मात्र या पाच जागांवर पाच वेगळी माणसं कामाला आहेत. संत्र्याला ‘व्हेरी स्वीट’. लोकांना ‘अ लॉट ऑफ पीपल’. चालण्याला ‘वॉक्ड अ लॉट’. उंचीच्या तुलनेला ‘मच टॉलर’. आवडण्याला ‘लाइक्ड इट व्हेरी मच’. शाळेत आपण ‘व्हेरी म्हणजे खूप’ एवढंच लिहून घेतलं आणि जिथे मराठीत खूप येतं तिथे व्हेरी चिकटवत गेलो. मग एखाद्या सरांनी सांगितलं की व्हेरी मच म्हणजे आणखी खूप, की ते ‘हॉट’च्या आधीही जाऊन बसलं.

म्हणून इलाज एकच: जोर देणाऱ्या शब्दाकडे बघू नका, जोर कोणाला द्यायचा आहे त्या शब्दाकडे बघा. तो साधं विशेषण आहे, तुलनेचं रूप आहे, नाम आहे की क्रियापद, हे ठरलं की आधीचा शब्द जवळजवळ आपोआप ठरतो.

साधं विशेषण असेल तर ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘एक्स्ट्रीमली’, यातलं काहीही चालतं. ‘नागपूर इज व्हेरी हॉट इन मे.’ इथे ‘मच’ला काम नाही. ‘व्हेरी मच’ क्रियापदाचं आहे आणि बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी जातं: ‘आय लाइक तर्री पोहा व्हेरी मच.’ एक लहानसा अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी वर्तमानपत्रात वाचून भांडायला येईल. ‘अलाइव्ह’, ‘अवेअर’ अशा काही शब्दांना ‘व्हेरी मच’ छान जमतं. ‘द ओल्ड मार्केट इज व्हेरी मच अलाइव्ह’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे.

तुलना आली की ‘फार’ आठवा

‘व्हेरी हॉटर’, ‘व्हेरी बेटर’, ‘व्हेरी चीपर’ ही रूपं इंग्रजीत नाहीतच. तुलनेच्या रूपाला ‘मच’ लागतं: ‘मच हॉटर’, ‘मच बेटर’. किंवा ‘फार’ लागतं, आणि इथे मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. इंग्रजीतला ‘फार’ आणि आपला ‘फार’ यांचा एकमेकांशी काही नातेसंबंध नाही, पण उच्चार जवळजवळ सारखा आणि या जागेवर कामही तेच. ‘इन मे, नागपूर इज फार हॉटर दॅन पुणे.’ मेमध्ये नागपूर पुण्यापेक्षा फार गरम. शंभर टक्के बरोबर, भाषेनेही आणि हवामानानेही. सर्वात पुढचा नंबर सांगायचा असेल तरी ‘फार’ आहेच: ‘बाय फार द बेस्ट संत्रा बर्फी इन टाउन.’

फक्त हा ‘फार’ साध्या विशेषणाला लावू नका. ‘फार हॉट’ होत नाही. ‘फार टू हॉट’ मात्र होतं, म्हणजे प्रमाणाबाहेर गरम. ‘इट इज फार टू हॉट टू वॉक टू झिरो माइल’ हे वाक्य मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो, कारण त्यात तीन ‘टू’ आहेत आणि पहिल्याचंच स्पेलिंग दोन ओचं आहे. लिहिताना ‘इट इज टू हॉट’मध्ये एकच ओ टाकणारे पदवीधर भरपूर आहेत आणि फोनचा कीबोर्ड ते दर वेळी पकडतोच असं नाही.

थोडा फरक सांगायचा असेल तर ‘अ बिट’, ‘अ लिटल’, ‘स्लाइटली’. मृग बहाराची संत्री आंबिया बहारापेक्षा (संत्र्याचे हे दोन हंगाम) जरा जास्त गोड, असं आपल्याकडे बरेच जण सांगतात; ते इंग्रजीत ‘स्लाइटली स्वीटर’. ‘मोअर स्वीटर’ नको. जास्तपणा ‘स्वीटर’मध्ये आलेलाच आहे.

या ‘अ बिट’मध्ये एक छुपी खोच आहे. सीताबर्डीच्या कापड दुकानात आपण सहज म्हणतो, ‘भाऊ, जरा चांगलं दाखवा.’ याचं ‘शो मी समथिंग अ बिट गुड’ होत नाही. ‘अ बिट’ साध्या विशेषणाला लागलं की त्यातून बहुतेक वेळा तक्रारीचा सूर येतो: अ बिट लेट, अ बिट कॉस्टली, अ बिट स्पायसी. चांगल्या गुणाला ते शोभत नाही. तुलनेचं रूप केलं की लगेच जमतं: ‘समथिंग अ बिट बेटर’.

‘टू’: सगळ्यात महागात पडणारा शब्द

बाकीच्या चुकांनी वाक्य फक्त वेडंवाकडं दिसतं. ‘टू’ची चूक अर्थच उलटा करते, म्हणून इथे जरा थांबू.

समजा एका उमेदवाराने मेलमध्ये लिहिलं: ‘आय ॲम टू हॅपी टू जॉइन युवर कंपनी.’ त्याला म्हणायचं आहे, तुमच्याकडे यायला मिळतंय म्हणून मला खूप आनंद झालाय. पण ‘टू’ म्हणजे खूप नव्हे, ‘टू’ म्हणजे नको इतकं. आणि त्याच्यानंतर एका ओचा ‘टू’ अधिक क्रियापद आलं की अर्थ होतो, इतकं की ते काम होणारच नाही. ‘टू टायर्ड टू ईट’ म्हणजे इतका दमलो की जेवण होणार नाही. ‘टू हॉट टू ड्रिंक’ म्हणजे चहा इतका गरम की पिता येत नाही. त्या हिशेबाने उमेदवाराचं वाक्य सांगतं, मी इतका खुश आहे की तुमच्या कंपनीत येऊ शकत नाही! वाचणारा मतलब समजून घेईल, नोकरीही जाणार नाही, पण वाचताना गालात हसेल. तिथे ‘व्हेरी हॅपी टू जॉइन’ हवं.

गंमत म्हणजे ‘ओन्ली टू हॅपी टू हेल्प’ हे अगदी शुद्ध आणि सभ्य इंग्रजी आहे. अर्थ, मदत करायला मी आनंदाने तयार आहे. आधी ‘ओन्ली’ लागलं की ‘टू’चा नकार गळून पडतो. तसंच ‘नॉट टू बॅड’ म्हणजे बऱ्यापैकी बरं. हे दोन ठरलेले साचे आहेत, ते जसेच्या तसे उचलायचे. त्यांच्यावरून नियम काढायला जाऊ नये.

‘टू गुड’चं काय? भारतात कौतुक म्हणून ‘टू गुड यार’ सर्रास चालतं आणि समोरचा भारतीय असेल तर त्यात काही बिघडत नाही. मित्राने फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचा फोटो टाकला, लिहा ‘टू गुड’. परदेशी ग्राहकाला मात्र ‘युवर प्रपोजल इज टू गुड’ लिहू नका. ‘टू गुड टू बी ट्रू’ हा वाक्प्रचार त्याच्या डोक्यात घोळत असतो आणि तुम्ही प्रस्तावावर संशय घेताय असं त्याला वाटू शकतं.

‘टू मच हॉट’ हा याच घरातला दुसरा गोंधळ. ‘टू मच’ नामाला लागतं: टू मच हीट, टू मच ऑइल, टू मच ट्रॅफिक. विशेषणाला नुसतं ‘टू’ पुरतं. ‘मच टू हॉट’ असं उलटं केलं तर पुन्हा बरोबर होतं. हसू नका, इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की सगळं बदलतं.

‘इतका’ आणि ‘पुरेसा’

हे दोन पटकन आटपू. आपला ‘इतका’ एकटा विशेषणालाही लागतो आणि विशेषणानंतर नाम असलं तरी लागतो: इतकं गरम, इतका गरम दिवस. इंग्रजीत नाम आलं की ‘सो’ हटतं आणि ‘सच’ येतं. ‘इट वॉज सो हॉट’, पण ‘इट वॉज सच अ हॉट डे’. ‘सो हॉट डे’ नाही. त्या लहानशा ‘अ’ची जागाही बघा, तो ‘सच’नंतर आहे.

‘पुरेसं’ मराठीत विशेषणाच्या आधी बसतं, ‘इनफ’ विशेषणानंतर जातं: ‘स्वीट इनफ’, ‘बिग इनफ’, ‘गुड इनफ’. नामाच्या मात्र आधीच: ‘इनफ मनी’, ‘इनफ टाइम’. याला युक्ती काही नाही. दहा वाक्यं मोठ्याने म्हणा, जीभ शिकते.

लालबुंदची कसोटी

आता जो भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो. ‘व्हेरी फ्रीझिंग’, ‘व्हेरी एन्शंट’, ‘व्हेरी इम्पॉसिबल’ का खटकतं, हे पुस्तकात ग्रेडेबल आणि नॉन-ग्रेडेबल विशेषणं असं सांगितलेलं असतं. नाव ऐकूनच अर्धा वर्ग झोपतो. मराठी माणसाला या नावांची गरज नाही. ‘खूप लालबुंद’ म्हणून बघा. ‘थोडं काळंकुट्ट’ म्हणून बघा. कानाला लागतं ना? लालबुंदमध्ये खूप आधीच भरलेलं आहे, वरून आणखी ओतायला जागा नाही. इंग्रजीत बॉइलिंग, फ्रीझिंग, स्टार्व्हिंग, एक्झॉस्टेड, एन्शंट, पर्फेक्ट, इम्पॉसिबल हे लालबुंद जातीचे शब्द. त्यांना जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’. ‘व्हेरी हॉट’, पण ‘ॲब्सोल्यूटली बॉइलिंग’. ‘व्हेरी टायर्ड’, पण ‘कम्प्लीटली एक्झॉस्टेड’. दोन्ही बाजूंना चालेल असं एक हवं असेल तर ‘रिअली’ जवळ ठेवा. ‘व्हेरी डिलिशस’ कोणी म्हटलं तर मी टोकत नाही, इंग्रजी मातृभाषा असलेलेही म्हणतात. सगळ्याच लढाया लढायच्या नसतात.

लालबुंदची गोष्ट इथे संपत नाही. आपण लाल‘बुंद’ म्हणतो, हिरवा‘बुंद’ म्हणत नाही. हिरवागार, पिवळाधमक, पांढराशुभ्र, आंबटढाण, थंडगार: कोणाला कोण लागणार हे भाषेने ठरवून टाकलेलं. इंग्रजीतही अशीच ठरलेली लग्नं आहेत आणि कितीतरी जोड्या तर थेट आपल्या जोड्यांसमोर उभ्या राहतात. कोरं करकरीत म्हणजे ‘ब्रँड न्यू’. कोरडाठाक म्हणजे ‘बोन ड्राय’. ठार बहिरा म्हणजे ‘स्टोन डेफ’. टक्क जागा म्हणजे ‘वाइड अवेक’. गाढ झोपलेला म्हणजे ‘फास्ट अस्लीप’, आणि त्या ‘फास्ट’चा वेगाशी काही संबंध नाही. मिट्ट काळोख म्हणजे ‘पिच डार्क’. या जोड्या ‘व्हेरी’ला फार सुंदर सुट्टी देतात. नवीन फोनला ‘व्हेरी न्यू’ म्हणणारा परका वाटतो, ‘ब्रँड न्यू’ म्हणणारा घरचा.

तशाच आणखी काही, जरा औपचारिक जोड्या: ‘बिटरली कोल्ड’, ‘डीपली सॉरी’, ‘हायली क्वालिफाइड’, ‘बॅडली डॅमेज्ड’, ‘सीरियसली इंज्युअर्ड’. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. ती सकाळ ‘बिटरली कोल्ड’. पावसाळ्यानंतरचा रस्ता ‘व्हेरी डॅमेज्ड’पेक्षा ‘बॅडली डॅमेज्ड’ म्हटला तर तक्रार अर्जाला वजन येतं. प्रसिद्ध गोष्टीला ‘व्हेरी नोन’ नको, ‘वेल नोन’ हवं. ‘व्हेरी फेमस’ चालतं.

‘ली’ लावायचं की नाही

‘संत्रं गोड लागतं’ आणि ‘ती गोड गाते’. मराठीत दोन्हीकडे ‘गोड’ तसाच राहतो. इंग्रजीत पहिला ‘स्वीट’, दुसरा ‘स्वीटली’. ‘क्रियापदाजवळ आलं की ली लावा’ हा नियम अर्धवट लक्षात राहिला की ‘द ऑरेंज टेस्ट्स स्वीटली’ तयार होतं आणि नागपूरच्या संत्र्याला जीभ असल्यासारखं वाटतं, जणू तेच काहीतरी चाखतंय. २०१४ मध्ये या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण चव घेण्याची क्षमता अजून मिळालेली नाही.

कसोटी सोपी आहे. क्रियापद काढा आणि तिथे ‘इज’ ठेवून बघा. ‘द ऑरेंज इज स्वीट’, अर्थ लागला, म्हणजे ‘ली’ नको. टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड, सीम ही क्रियापदं या जातीची. पण तेच ‘लुक’ जेव्हा खरोखर बघण्याचं काम करतं तेव्हा ‘ली’ येतं. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसत होता. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द ऑटोवाला’ म्हणजे त्याने ऑटोवाल्याकडे रागाने बघितलं. दुसऱ्या वाक्यात ‘इज’ घालून बघा, वाक्य मोडतं.

विशेषणाला जोर देणारा शब्द स्वतः विशेषणापासून बनला असेल तर मात्र ‘ली’ लागतंच: ‘इन्क्रेडिब्ली स्वीट’, ‘फ्रेशली स्क्वीझ्ड ज्यूस’, ‘सरप्रायझिंगली चीप’. यातलं ‘सरप्रायझिंगली’ किती स्वस्त ते सांगतच नाही, बोलणाऱ्याला काय वाटलं ते सांगतं. असे शब्द फार उपयोगी पडतात. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि मग संवेदक बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. ‘द रीडिंग वॉज व्हेरी राँग’ म्हणण्यापेक्षा ‘द रीडिंग वॉज ऑब्व्हियसली राँग’ म्हटलं की मुद्दा नेमका पोचतो.

दोन सापळे. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ यांच्या शेवटी ‘ली’ दिसतं पण ती विशेषणंच आहेत. ‘ही टॉक्ड फ्रेंडली’ होत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणावं लागतं. आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. बायोडेटात ‘आय वर्क हार्डली’ लिहिलंत तर तुम्ही स्वतःच कामचुकारपणाची कबुली दिलीत.

‘क्वाइट’ची भानगड

नागपूरच्या मिहान या उद्योग आणि आयटी संकुलातल्या ज्या मुलामुलींना परदेशातल्या लोकांशी रोज बोलावं लागतं, त्यांच्यासाठी हे खास. अमेरिकन माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर काम छान झालंय. इंग्लंडचा माणूस तेच म्हणाला तर बहुतेक वेळा अर्थ ‘ठीक आहे’, आणि पुढे ‘पण’ येण्याची शक्यता मोठी. त्याला खरंच आवडलं असेल तर तो दुसरा शब्द वापरेल. आणि लालबुंद जातीच्या शब्दाला ‘क्वाइट’ लागलं, जसं ‘क्वाइट इम्पॉसिबल’, तर दोन्हीकडे अर्थ ‘अगदी अशक्य’. शंका आली की आपण स्वतः ‘क्वाइट’ वापरूच नये. ‘व्हेरी’ किंवा ‘फेअरली’ म्हणावं, गैरसमज टळतो.

एक परिच्छेद दुरुस्तीला घेऊ

चुका वेगवेगळ्या पाठ करण्यापेक्षा आपलाच मजकूर समोर घ्या, त्यातले व्हेरी, टू, सो, मच, इनफ शोधा आणि प्रत्येकाच्या पुढचा शब्द बघा. नमुन्यादाखल हा, मी जुळवलेला:

‘आय जॉइन्ड अ न्यू कंपनी इन मिहान. द ऑफिस इज टू बिग. माय मॅनेजर इज व्हेरी मच हेल्पफुल. द वर्क इज व्हेरी इझियर दॅन माय ओल्ड जॉब. इट वॉज सो नाइस फर्स्ट डे. द कँटीन फूड स्मेल्स नाइसली, बट इट इज नॉट इनफ स्पायसी फॉर मी.’

‘टू बिग’: ऑफिस मोठं असल्याची तक्रार आहे का? नाही, म्हणून ‘व्हेरी बिग’, किंवा लालबुंद जातीचा ‘ह्यूज’, एकटाच. ‘हेल्पफुल’ साधं विशेषण, ‘मच’ काढा. ‘इझियर’ तुलना, म्हणून ‘मच इझियर’, हवं तर ‘फार इझियर’. ‘नाइस फर्स्ट डे’मध्ये नाम आहे, म्हणून ‘सच अ नाइस फर्स्ट डे’. ‘स्मेल्स’च्या जागी ‘इज’ घालून बघितलं, अर्थ लागतो, म्हणून ‘स्मेल्स नाइस’. शेवटी ‘इनफ’ विशेषणानंतर सरकवा: ‘नॉट स्पायसी इनफ फॉर मी’. सावजी रश्श्यावर वाढलेल्या माणसाची कँटीनबद्दलची ही तक्रार खरीच असणार, तिच्या आशयाला हात लावायचं कारण नाही.